चौथी सही

दादा गेला त्याला आता दीड महिना होईल. आमची शेवटची भेट अंजूरच्या घरी, ओटीवर. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी ओरडून बोलत होते आणि तो हसत होता… "बाय, शाळेत एवढा आवाज काढला असतास तर हेडबाई झाली असतीस," म्हणाला. मी चिडले. आम्हा चौघा भावंडांत चिडायला तोच हक्काचा होता.

दादा भिवंडीच्या शाळेत इतिहास शिकवायचा. अमेरिकेची पहिली राज्यघटना हा त्याचा लाडका धडा. नुकती स्वतंत्र झालेली तेरा राज्यं. लहान असो की मोठं, प्रत्येकाला एकच मत, हा तिचा गुण. आणि तिच्यात काही बदलायचं तर तेराही राज्यांचा होकार हवा, हा दोष. सगळ्यात चिमुकल्या राज्यानं नकार दिला आणि अख्ख्या देशासाठीचा कर अडून राहिला, हे तो असं रंगवून सांगायचा, जणू त्या राज्यात आमची सोयरीक आहे.

बाबा वारले आणि खाडीकडच्या शेताला गोदामवाल्यांची मागणी आली, तेव्हा दादानं एक कागद लिहिला. चौघांना एकेक मत, आणि चौघांच्या सह्यांशिवाय काही होणार नाही. धाकटा शिवा उसळला. "ती दिघाशीला दिलेली हाय. तिची सही कशाला?"

"तिची न्हाय तर माजी पन न्हाय," दादा म्हणाला.

मी नंतर हळूच विचारलं, "हाच दोष तू फळ्यावर लिहितोस ना?"

"लिहितो. पण आज तुमचा एकमेकांवर भरवसा नाही… आधी चौघं एका कागदावर तर या."

आणि त्या चिमुकल्या राज्यासारखी आडवी गेले ती मीच. दोघा धाकट्यांनी मला न विचारता बोलणी केली, म्हणून मी सही नाकारली. शेतावरच्या मायेबद्दल तेव्हा खूप बोलले. खरं कारण राग. दादाला मात्र त्या पैशातून अंजूरला घर बांधायचं होतं. भिवंडीत निजामपुऱ्यातल्या त्याच्या खोलीखाली दोन्ही शिफ्टला कापडाचे लूम चालायचे, कान जात चालले होते. माझ्या हट्टापायी तो आणखी तीन वर्षं तिथंच राहिला. दर दिवाळीला विक्रीचा कागद घेऊन यायचा, "करतेस?" विचारायचा, नाही म्हटलं की चहा मागायचा. एका शब्दानं कधी बोलला नाही.

शेवटी त्यानंच सुचवलं, यापुढे बहुमतानं ठरवू. त्यालाही चौघांच्या सह्या लागणार होत्या. पहिली मी केली. जमीन गेली, घर झालं. पण तोवर त्याला दारातल्या पाखरांचा आवाजही येईनासा झाला होता. मला माझी लाज वाटते, आणि त्याचे उपकार त्याहून मोठे वाटतात.

मागच्या रविवारी शिवा एक कागद घेऊन माझ्याकडे दिघाशीला आला. उरलेल्या बांधाची पट्टी रस्त्यासाठी द्यायची होती. दोघे भाऊ राजी, म्हणजे तिघांत बहुमत झालंच होतं.

"माझ्यावाचून होतंय की रे," मी म्हणाले.

"होतंय," शिवा खाली बघत म्हणाला. "पन दादानं तुला इचारल्याबिगर कंदी काय केलं काय? वाच तू. मना घाई न्हाय."

तो भिंतीला टेकून बसून राहिला. मी आधी पोटभर रडून घेतलं, मग चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.