कुलपवाला सहलीला निघतो

कुलपवाल्याला कुणी हसत हसत बोलवत नाही. किल्ली गटारात पडलेली असते, नाहीतर आतलं म्हातारं माणूस ओ देत नसतं, नाहीतर सुट्टीवरून परतलेलं कुटुंब बॅगा घेऊन जिन्यात उभं असतं आणि चोरानं आधीच बिघडवलेल्या स्वतःच्याच कुलपात किल्ली फिरत नसते. किल्लीकाकांनी धसका घेतला होता तो या तिसऱ्या प्रकाराचा. दार उघडलं की घरची बाई थेट कपाटाकडे धावायची, आणि मग आतून जो हंबरडा यायचा तो ऐकत काका खाली मान घालून हत्यारं पिशवीत भरायचे.

त्यांची टपरी बेकरीशेजारच्या जिन्याखाली. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी. डोक्यावर कोऱ्या किल्ल्यांचे झुबके आणि गुडघ्यांवर कायम लोखंडाचा कीस. घर वरच्याच मजल्यावर. काकू तिथं मशीनवर लोकांचे पडदे शिवायच्या. एरवी बाई खणखणीत, पण थंडी पडली की छातीत शिट्टी वाजायला लागायची आणि अर्धं वाक्य घशातच राहायचं. डॉक्टरांनी या खेपेला काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "थंडीपुरतं यांना खाली दक्षिणेला घेऊन जा. दर वर्षी सांगतो, तुम्ही मान हलवता. एखाद्या वेळी दवाखान्यात आणायला उशीर झाला, तर मला बोल लावू नका."

काकूंनी शहर कधीच हेरून ठेवलं होतं. त्यांची थोरली बहीण तिथं जाऊन आलेली. ऐन थंडीत माणसं अर्ध्या बाह्यांत हिंडतात, रस्तोरस्ती दिव्यांच्या माळा, उत्सवाच्या मिरवणुका, चौकाचौकात बँड, आणि सत्तरीच्या बायासुद्धा भर रस्त्यात नाचतात म्हणे.

"मी नाचणार नाही," काका आधीच सांगून मोकळे झाले.

"तुम्हाला कोण नाचवतंय? तुम्ही तिकिटं काढा."

काका "बरं" म्हणाले आणि त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांपुढे आपलंच बंद घर येऊ लागलं. जाणार हे कुणाला कळता कामा नये, असा घरात हुकूम निघाला. काकूंनी त्यांच्यासाठी पातळ सदरा बेतला, तर पाव द्यायला वर आलेल्या बेकरीवाल्याच्या नेमका तो नजरेस पडला.

"काय काकू, कुठं दौरा?"

"कुठं नाही!" काकाच मध्ये पडले. "भाच्याचा आहे तो."

"तुमच्याच पोटाएवढा भाचा?"

तो हसत गेला. काकांनी मात्र मनात हिशेब मांडला. आता हा चार गिऱ्हाइकांपाशी बोलणार, ऐकणाऱ्यांतला एखादा दार बघून जाणार. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दाराला पत्रा ठोकला. मग आणखी एक कुलूप आलं, त्याच्यावर आणखी एक. तरी जीव थाऱ्यावर येईना, तेव्हा आतून मनगटाएवढा जाड लोखंडी अडसर बसवला.

"आतला अडसर आपण गेल्यावर कोण लावणार? झुरळं?" काकूंनी विचारलं.

"जाईपर्यंतचं काय? भरलेल्या बॅगा म्हणजे चोराला वाढून ठेवलेलं ताट. मी खाली गेलो की लावायचा. शपथ आहे माझी."

काकूंनी दोन्ही हातांनी तो उचलून बघितला आणि मटकन खुर्चीत बसल्या. "हे धूड उचलायला आधी एक गडी ठेवा."

पण शपथ घातली होती. त्या लावत राहिल्या.

तिकिटं आली त्या आठवड्यात थंडी कडाडली. धुकं भर दुपारीसुद्धा रस्त्यावरून हलेना. काका जेवायला वर आले, दार वाजवलं. मशीनचा आवाज नव्हता. त्यांनी हाक मारली, पुन्हा मारली. मग दाराला कान लावला, तर अगदी जवळून, फळीच्या पलीकडूनच, शिट्टी ऐकू आली. बारीक, तुटक.

कुलपं त्यांनी भराभर उघडली. दार तसूभरही हललं नाही.

आरडाओरडा ऐकून बेकरीवाला धावत वर आला. काका दारावर खांदा आपटत होते.

"अहो काका, असं काय करता? तुम्ही कुलपवाले ना?"

"माझंच काम आहे रे हे," काका ओरडले. "हे नाही उघडायचं!"

तोवर आतली शिट्टी थांबली.

बेकरीवाला खाली पळाला आणि भट्टीचा लोखंडी गज घेऊन आला. दाराला त्यानं हात लावला नाही. चौकटीच्या बाजूला भिंतीवर घाव घालत सुटला. गिलावा पडला, विटा निखळल्या, आणि अडसर अडकवलेला आकडा विटेसकट बाहेर आला. काकू उंबऱ्याशी बसल्या होत्या, ओठ निळे, एका हातानं अजून अडसर धरलेला. औषधाचा पंप मशीनवर होता. काकांनी तो आणून काकूंना पाठीशी धरून सावरलं, आणि तोंडाशी बेकरीवाल्यानं धरला.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी काकू धड बोलल्या. "पंप घ्यायला जाऊ, का दार उघडू, कळेना बघा. म्हटलं, तुम्ही यायच्या वेळेला दार तर उघडावं. नाही उचलला मला." तक्रार अशी नव्हतीच त्यात. काकांना ती असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं, उलट लवकर निघा म्हणाले. भिंतीला बोकड आत जाईल एवढं भगदाड होतं आणि गवंडी आठवड्यानं येणार होता. काकांनी किल्ल्या बेकरीवाल्याच्या हातात ठेवल्या.

"किल्ल्या कशाला? भोकातून हात घालीन की! जा तुम्ही."

मग काकूंच्या खाटेशी बसून त्यांनी दक्षिणेतल्या लॉजला फोन लावला.

"रस्त्याकडची खोली देऊ का?" लॉजवाला उत्साहात होता. "सगळी मिरवणूक खिडकीतून दिसते."

"दार कसलं आहे?"

"दार? साधंच, लाकडी."

"आतून कडी?"

"आहे ना! नवीकोरी बसवलीय. अगदी निर्धास्त या."

"ती काढून ठेवा."

"साहेब, कडी नाही म्हणून लोक भांडतात आमच्याशी."

"भांडू द्या. आणि न्हाणीघराचीही काढा."

"अहो!" काकू उशीवरून अर्ध्या उठल्या. "मी आंघोळीला गेल्यावर कोणी आलं म्हणजे?"

काकांनी फोन हातानं झाकला. "मी दाराशी बसतो. तू आपली आतून बोलत राहा."