मामांचे आजोबा कुठे जन्मले

"तू मूळचा कुठला?" हा प्रश्न भिवंडीत ज्याला कुणी विचारलेला नाही, तो माझ्या बायकोच्या थोरल्या मामांना भेटलेलाच नाही असं खुशाल समजावं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पगार, शिक्षण, पत्रिका असल्या किरकोळ गोष्टी मामांनी इतरांवर सोडल्या आणि चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "जल्म कुठला?" मी म्हटलं, पुण्याचा. "पुन्याला मानसं ऱ्हायाला जातात. जल्मला कुठं ते सांगा." डॉक्टर नाडी बघत असले तरी मामा त्यांचंच मूळ गाव उकरून काढत. समोरच्या कारखान्यातला आझमगढचा कारागीर तर मामा दिसले की लांबूनच ओरडे, "चाचा, गाँव वही है, बदला नहीं!"

मामा पॉवरलूमचे जॉबर. बिघडलेले लूम दुरुस्त करण्यात आणि त्यांच्या खडखडाटावर आवाज चढवण्यात सगळी उमर गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येतच नसे. त्यांचं गुपित टेमघरच्या नाक्यापर्यंत ऐकू जाई. त्यामुळे त्यांच्या मनातलं शल्यही अख्ख्या आळीला ठाऊक होतं. घराणं भिवंडीजवळच्या अंजूर गावचं. तिथल्या जत्रेत देवीपुढे पहिला नारळ फोडायचा मान थोरल्या घराचा, म्हणजे मामांच्या घराचा. पण मामांच्या वडिलांच्या काळात धाकट्या घराने मोडता घातला, "तुमचा बाप राहनाळला जल्मला. तुमी उपरे." वडील मऊ स्वभावाचे. दर वर्षी पिशवीत नारळ घेऊन जत्रेला जात आणि मागे उभे राहून तसाच परत आणत. "त्या नारलाची चटनी आमच्या घरात कुनाला गोड लागली न्हाय," असं मामा सांगत, तेव्हा आवाज नेहमीसारखाच मोठा असे, पण नजर दुसरीकडे असे.

रिटायर झाल्यावर मामांनी आजोबांचा जन्म अंजूरलाच झाला हे सिद्ध करायचा विडा उचलला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून खरेदीखतं, उतारे, लग्नाच्या याद्या निघाल्या आणि घरभर पसरल्या. कागद उडतात म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद! मामी पदराने वारा घेत म्हणायच्या, "मेलेल्याचा जल्म शोधताना जित्याचा जीव जाल." आजोबा अंजूरला राहत, शेती करत, भांडत, हे सगळं त्या कागदांत होतं. जन्म तेवढा नव्हता.

शेवटी कुणीतरी नाशिकचे तीर्थोपाध्ये सुचवले. अस्थी घेऊन गेलेल्या घराण्यांची नावगावं त्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. मामा पहाटेच्या एसटीने गेले ते संध्याकाळी परत आले आणि चक्क गप्प बसले. आळीतले चार लोक चौकशीला आले, मामा आजारी का म्हणून. गुरुजींनी आजोबांची नोंद वाचली होती. जन्म राहनाळ. मामांनी तिथेच हात जोडले होते आणि वही मिटायला लावली होती.

मी म्हटलं, "मामा, हे धाकट्या घराला कळायचं कारण नाही."

"खोटा नारल देवीला कसा देऊ?" मामा ओरडले, आणि त्यांचं हे गुपितही नाक्यापर्यंत गेलं.

मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आज्याच्या आयशीचा म्हायेर कुठला?"

 बायकांकडचं मामांनी कधी शोधलंच नव्हतं.

"अवो, पयला बालंतपन म्हायेरी व्हतं. तुमची थोरली तरी कुठं तुमच्या घरात जल्मली?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मामांनी मला झोपेतून उठवून नाशिकला नेलं. गुरुजींनी तीच वही काढली आणि पुढची ओळ वाचली : वडील राहणार अंजूर, आजोळ राहनाळ. खाली आजोबांचा अंगठा उमटलेला होता. मामांनी आपला अंगठा त्याच्याशेजारी अलगद टेकवला.  मग त्यांनी "हाय! अंजूरचाच हाय!" अशी आरोळी ठोकली की बाहेरची कबुतरं उडाली.

जत्रेच्या दिवशी देवळातल्या बैठकीत मामांनी गुरुजींकडून आणलेली नक्कल वाचली. धाकट्या घराचे कारभारी म्हणाले, "जल्म तं राहनाळचाच ना?"

मामांनी उलट विचारलं, "आनि तुजा?"

कारभारी उत्तर देणार, तोच बायकांतून त्यांच्याच म्हाताऱ्या आईचा आवाज आला, "ह्यो? ह्यो टेमघरला जल्मला, माज्या म्हायेरी, बापाच्या वटीवर!"

देवळात असा हशा पिकला की कारभारीही हसले, उठले आणि त्यांनी स्वतःच नारळ मामांच्या हातात दिला. मामांनी तो एका घावात फोडला.

एक वाटी देवीपुढे राहिली. दुसरी रुमालात बांधून मामा मला घेऊन थेट राहनाळला गेले. वहीत आजोबांच्या आजोळच्या घराचं नाव होतं, पण ज्या बाईने आजोबांना जन्म दिला, तिचं नाव कुणी लिहिलं नव्हतं. शेतं संपून गोदामं सुरू झाली होती. विचारत विचारत एक घर सापडलं. दारातल्या म्हातारीने विचारलं, "कोन पायजे?"

मामांनी रुमाल सोडून वाटी तिच्या हातावर ठेवली. "तुमच्या घरच्या लेकीची हाय," ते म्हणाले.

आता मामा नाहीत. पण त्यांना हळू बोलताना मी ऐकलं ते तेवढं एकदाच.