खांबाशी बोलणं

मोर्शीच्या शाळेत मी वर्षानुवर्षं नववीला डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवलं. अवतरणचिन्हं काढा, 'मी'चा 'तो' करा, 'आज'चं 'त्या दिवशी' करा. मुलं कंटाळायची, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याआधी मी कंटाळायचे. घरी तरी दुसरं काय चाललं होतं?

आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. मामाजींचं म्हणणं सासूबाई माझ्यापर्यंत आणायच्या, आणि आणताना त्यातला तिखटपणा काढून ठेवायच्या. "मीठ नाई भाजीत" याचं "चांगली झाली म्हणतात, मीठ जरासं कमी हाये" व्हायचं. त्या गेल्या आणि मधलं माणूसच उरलं नाही. नवरा नोकरीला अकोल्यात, रविवारपुरता घरी. मग मामाजी आणि मी ओसरीवरच्या खांबाला सांगू लागलो. "सैपाक झाला म्हणा," मी खांबाला सांगायचे. "भूक नाई म्हणा," ते खांबाला सांगायचे. लोक हसतील, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग विहीर आटली आणि संत्र्याची बाग उभीच्या उभी वाळली. मामाजी खांबाशीही बोलेनासे झाले. त्या वर्षांत आजूबाजूच्या गावांतून नको त्या बातम्या यायच्या, म्हणून मी त्यांच्यावर नजर ठेवून असायचे. शिकवणं, वह्या तपासणं, नजर ठेवणं. पार थकून गेले होते मी.

एका दुपारी शाळेतून आले तर दारामागचा फवारणीच्या औषधाचा डबा जागेवर नव्हता. तशीच वावरात पळाले. ते एका झाडाखाली बसले होते, डबा मांडीजवळ. झाकण लागलेलं होतं. मधे ना सासूबाई, ना खांब.

"मामाजी, तो डबा मले द्या. आन् घरी चला."

त्यांनी वर पाहिलं. "झाडायवर मारतो म्हटलं," ते म्हणाले. बागेत हिरवं झाड एकही नव्हतं. मी पुढे केलेला हात तसाच ठेवला. बऱ्याच वेळानं त्यांनी डबा दिला आणि घरापर्यंत माझ्या मागून चालत आले.

संध्याकाळी वाढलं. पहिला घास घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मीठ नाई भाजीत, बाई."

मिठाची बरणी आणायला आत गेले आणि तिथेच उभी राहून रडले.