रबराच्या झाडाची ओली माती

आमच्या ह्यांचं अख्खं आयुष्य एका डोळ्यावर गेलं. घड्याळदुरुस्तीचं दुकान. भिंग डोळ्याला लावलं की हाका मारून मारून घसा बसला तरी ह्यांना ऐकू येत नाही. "बाबा एका डोळ्याने काम करतात आणि दुसऱ्याने रागावतात," असं आमची लेक म्हणायची.

एकुलती एक लेक. हात ह्यांच्यापेक्षाही हलका. पुढे दुकान तीच बघणार, हे ह्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. दोन वर्षांपूर्वी तिला दुसऱ्या शहरात, दवाखान्यातली यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. बोलता बोलता ती म्हणाली, "बाबा, घड्याळं आता लावतं कोण?" झालं! ह्यांचा पारा चढला. "जायचं तर जा, पण परत तोंड दाखवू नकोस." ती तरी कुणाची पोर? गेली, आणि खरंच तोंड दाखवलं नाही. मी 'ये गं' असं लिहिलं की फोनवर उत्तर यायचं, 'बाबांनी बोलवू दे.' आणि इकडे तिचं नाव काढलं की हे पेपर तोंडापुढे धरायचे. दोन हट्टी माणसांच्या मध्ये माझा जीव नुसता टांगणीला.

तिचं एक रबराचं झाड गॅलरीत राहिलं होतं. गेल्या महिन्यात त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. एका रविवारी माती उकरून बघते तर काय, खसखशीच्या दाण्याहून बारीक, पांढरे किडे टणाटण उड्या मारत होते! मी ओरडलेच. घरात पाल पडली तरी न उठणारा माणूस चप्पल न घालता धावत आला.

मग तीन दिवस दुकान वाऱ्यावर. चमच्याने माती पांढऱ्या कागदावर घ्यायची, चिमट्याने एकेक किडा वेगळा करायचा, भिंगाखाली पाय मोजायचे. सहा पाय, पंख नाहीत. पाण्यात टाकला तर बुडतही नाही, पाण्यावरूनच उडी मारतो. वाचनालयातून चित्रांचं जाडजूड पुस्तक आलं. तिसऱ्या दिवशी हे लहान मुलासारखे ओरडले, "अगं, ह्याच्या पोटाखाली स्प्रिंग आहे! दुमडलेला काटा आहे बघ. तो सुटला की हा उडतो."

"कौतुक पुरे. झाड मारतात का ते सांगा."

"छे! बिचारे कुजलेलं खातात. पण माती सतत ओली असली तरच एवढे वाढतात. झाड पाण्याने कुजतंय." आणि भिंग काढून माझ्यावरच घसरले, "किती पाणी ओततेस तू?"

मीही ऐकून घेणारी नाही. "सकाळी एक मग. तिची आठवण आली की घालते. आता आठवण काय वार बघून येते?"

"एका मगाने एवढा चिखल होत नाही. मोठी कुंडी आहे. ह्यात रोज दोन मग तरी..."

बोलता बोलता हे थांबले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"दुसरा मग कोण घालतं हो?"

बराच वेळ चिमटा पुसत राहिले. मग म्हणाले, "दुपारी जेवायला येतो ना. तू डुलकी काढतेस तेव्हा."

मला हसू आलं, आणि त्यातच रडू फुटलं. दोन वर्षं एका छपराखाली राहून आम्ही एकमेकांच्या नकळत एकाच झाडाला बुडवत होतो! रागही आला. दोन वर्षं गेली हो माझी!

"तिलाच विचार, आता काय करायचं," हे पुटपुटले.

"मी नाही विचारणार. तुम्ही विचारा." फोन लावला आणि ह्यांच्या हातात कोंबला.

"बाबा?" तिचा आवाज मलाही ऐकू आला. हे गडबडले आणि डायरेक्ट किड्यांवरच गेले. सहा पाय, पंख नाहीत, पोटाखाली स्प्रिंग. ती ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "एवढं पाणी घालतं कोण?"

"तुझी आई," हे म्हणाले. मी डोळे वटारले. "आणि मी. मीच जास्त."

पलीकडून मग नाक ओढल्याचा आवाज. "बाबा, आता थेंबभरही घालू नका. मी येऊन बघते, मग घाला."

कधी येतेस, हे विचारायचं धाडस ना ह्यांना झालं, ना मला.

आज अकरावा दिवस. सकाळी उठल्या उठल्या हे मातीत बोट खुपसतात. मला तर रिकामा मग हातात घेऊन कुंडीपाशी उभं राहायची सवय लागली आहे. वरची माती वाळून भुरभुरीत झाली, किडे कुठे दडी मारून बसलेत कोण जाणे. "खाली अजून ओल आहे," हे आज म्हणाले, "आठवडाभर तरी तग धरेल." मी आत गेले आणि तिच्या खोलीतली चादर बदलली.