गाठ होती

"हिच्या आईचा विश्वास कमी पडला," पाळकसाहेब म्हणाले. माझ्याकडं बोट करून. भर देवळात.

आईला पुरून आठवडाही झाला नव्हता. राहुरीजवळच्या आमच्या वस्तीतल्या ख्रिस्ती देवळात तिच्यासाठी प्रार्थना ठेवली होती. पुढं खुर्च्यांवर वस्तीपलीकडच्या मोठ्या बंगल्यातली माणसं. मागं सतरंजीवर आम्ही. पाळकसाहेब त्याच बंगल्यातले. शिकलेले, गाडीवाले. आईनं जन्मभर त्यांच्याकडं भांडी घासली. मागच्या दारानं जायचं, मागच्या दारानं यायचं. तरी ते बोलले की तिला प्रभूच बोलल्यासारखं वाटायचं.

तिच्या छातीत गाठ आली. मी सुप्याच्या कंपनीत पॅकिंगला होते. रजा टाकली, तिला नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण लवकर आलात, ऑपरेशन करू. आई घाबरली. त्याच रविवारी देवळात पुढं जाऊन गुडघ्यावर बसली. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडले, "गाठ गेली! बाई, साक्ष दे!"

आईनं आयुष्यात चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी माईकवर बोलली. "प्रभूनं मला बरं केलं." टाळ्या पडल्या. बंगल्यातल्या बाईंनी तिला पहिल्यांदा जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला न्हाणीत हाक मारली. माझा हात धरून छातीवर ठेवला.

"हाय का गं?"

"हाय, आई."

ती खालीच बसली. ओल्या फरशीवर.

"कुनाला बोलू नगं. म्या साक्ष दिली हाय."

मी भांडले. रडले. तिच्या पाया पडले. दवाखान्यात गेलं तर प्रभू खोटा पडंल, म्हणायची. पुढं गाठ फुटली. वास यायला लागला. तेव्हा ती देवळात दाराजवळ बसायला लागली, पदर घट्ट लपेटून. शेवटी मी तिला उचलूनच नेलं. डॉक्टर म्हणाले, आता फार उशीर झाला.

प्राण जाताना आईनं मला विचारलं, "माझाच इस्वास कमी पडला का गं?"

आणि आता तेच पाळकसाहेब सगळ्यांदेखत सांगत होते.

मी उभी राहिले.

"गाठ गेलीच न्हवती. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताला लागली ती."

"शंका घेणं पाप आहे, पोरी. खाली बस."

"आईनं शंका न्हाई घेतली. ती तुमाला भ्याली. म्हनून मेली."

शेजारच्या मावशीनं माझी ओढणी ओढली. मी बसले नाही. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं. मी गायले नाही.

अजून मी प्रार्थना करते. कुणी ऐकतं का, मला माहीत नाही. पूर्वी एवढं म्हणायचीही भीती वाटायची. आता डोळे मिटून त्यालाच सांगते, मला माहीत नाही. तो असेल, तर त्याला हे खरं ऐकून घ्यावं लागेल. नसेल, तरी मी खोटं बोलणार नाही.

वस्तीतल्या कुठल्याही बाईला दुखलं-खुपलं तर आधी दवाखाना. मी घेऊन जाते. बंगल्याला विचारत नाही.

आणि माझ्या आईला जो कुणी अविश्वासू म्हणेल, त्याच्या प्रार्थनेला मी आमेन म्हणणार नाही.