किसनभाईंचा उतारा

आमच्या तालुक्याच्या नगरपालिकेत मुख्याधिकारी येतात आणि बदलून जातात. तिथे कायम हजर असणारा माणूस एकच, तो म्हणजे माझे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. ते तिथे नोकरीला नव्हते. उभी हयात त्यांनी नागापूरच्या एमआयडीसीत माल तपासण्यात घालवली. केसाएवढा फरक असलेला नट त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही, आणि निवृत्त झाल्यावर तीच नजर सरकारी कागदांवर रोखली. घरात चष्मा सापडला नाही तर हे आधी अर्ज लिहितील, असं आम्ही म्हणायचो.

'पोच' हा त्यांचा सर्वांत लाडका शब्द. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा गोल शिक्का उमटल्याखेरीज ते टेबलापुढून हलत नसत. पुढे ही खोड घरातही शिरली. मी कोपरगावहून पेरू घेऊन गेले की आतोबा चिठ्ठीवर 'पेरू मिळाले, पैकी दोन मऊ' असं लिहून, खाली सही करून मला देत. बाजारातून भाजी आणली की यादीच्या कोपऱ्यात त्यांना आत्याची सही लागायची. ती पदराला हात पुसत सही करायची आणि मला म्हणायची, "लग्नात माझ्या बापाला पोच दिल्ती का, इचार ह्यांना!"

पण त्यांची खरी लढाई पेटली ती आत्याच्या नावावरून. आतोबा आठवडाभर नागापूरला खोलीवर राहत आणि रविवारी घरी येत, त्या दिवसांत घर बांधून घेतलं ते आत्याने. गवंड्यांच्या मागे तीच उभी राहिली, ओल्या भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी तिनेच मारलं. म्हणून आतोबांनी घर तिच्याच नावावर केलं. तिचं नाव कृष्णाबाई, पण आमच्याकडच्या बोलण्यात सगळे किसनाबाई म्हणतात, आणि नगरपालिकेच्या जुन्या वहीतही तेच पडलं. पुढे वह्या कॉम्प्युटरवर चढल्या, तेव्हा कुणाच्या तरी बोटाखाली किसनाबाईचं किसनभाई झालं. घरपट्टीच्या बिलावर 'श्री. किसनभाई' वाचून सगळी गल्ली हसली. शेजारणी दारातून "किसनभाई, हळदीकुंकवाला या हं!" म्हणून ओरडायच्या. आत्याही हसायची. एकदा मात्र हसता हसता म्हणाली, "येवढं घर उभं केलं, अन् कागदावर मी बाईसुद्धा न्हाई." दुसऱ्या दिवशी दहा वाजता आतोबा नगरपालिकेच्या दारात होते.

मग अर्ज सुरू झाले. उताऱ्याची नक्कल मिळावी म्हणून एक, जुन्या वहीची नक्कल मिळावी म्हणून एक, नाव दुरुस्त व्हावं म्हणून एक आणि आधीच्या तिन्हींचं काय झालं ते कळावं म्हणून आणखी एक. उत्तरात 'त्रुटींची पूर्तता करावी' असं पत्र आलं की आतोबा खूश. आधार कार्ड जोडलं, लग्नाची पत्रिका जोडली, एकदा तर वास्तुशांतीचा फोटोही जोडला. गाडं अडलं ते एका प्रतिज्ञापत्रावर. 'कृष्णाबाई व किसनभाई ही एकच व्यक्ती आहे' असं लिहून द्यायचं होतं. एका सहीचं काम! आतोबा मालमत्ता विभागातल्या बाईंपुढे ताठ उभे राहिले. "म्याडम, किसनभाई नावाचा मानूस जल्मालाच आला न्हाई. त्याला अन् माझ्या बायकूला येक कसं करू?"

त्या सहीवाचून वर्ष गेलं. आत्याचं हृदय तोवर थकलं होतं, चार पायऱ्या चढली की ती बसून घ्यायची. मी आतोबांवर फार चिडले. ती असेपर्यंत कागद हातात पडायला हवा ना, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. "खोट्या सहीवर तिचं नाव नगं मला," एवढंच ते म्हणाले. शेवटी त्या मालमत्तेच्या बाईच वैतागल्या की विरघळल्या कोण जाणे, त्यांनी माळ्यावरून जुनी वही स्वतः शोधून काढली. प्रतिज्ञापत्राशिवाय पत्र निघालं, 'आपल्या विनंतीची पूर्तता करण्यात आली आहे', आणि सोबत नवा उतारा.

त्या दिवशी मी तिथेच होते. आत्याने पलंगावर बसून उताऱ्यावर बोट ठेवलं आणि आपलं नाव एकेक अक्षर वाचलं. आतोबांनी झेरॉक्स आणि पेन पुढे केलं. "पोच दे." तिने कोपऱ्यात लिहिलं, 'मिळाला. कृष्णाबाई.' मग कितीतरी वेळ ती उताऱ्यावरून हात फिरवत राहिली. मला रडू आलं, आणि वर्षभर चिडल्याची लाजही वाटली.

त्याच हिवाळ्यात आत्या गेली.

परवा मी त्यांना भेटायला गेले तेव्हा आतोबा फाईल मांडीवर घेऊन बसले होते. सर्वांत वर एक कोरा छापील अर्ज होता. मालमत्तेच्या बाईंनीच आठवणीने दिला होता, "काका, वारस नोंद करून घ्या, मावशींचं नाव कमी करावं लागेल" म्हणून. मी म्हटलं, "मी लिहू का?"

"नाव लावा म्हणून किती कागद लिवले, पोरी," ते म्हणाले, "आता कमी करा म्हणून ह्याच हातानं कसं लिवू?"

मी तो अर्ज त्यांच्या हातातून घेतला आणि फाईलमध्ये अगदी तळाशी सरकवला. आतोबांनी पोच मागितली नाही.