गोदामातली हिरवळ

वाशीम जिल्ह्यातला सगळ्यात मोठा गोल्फपटू माझा साडभाऊ आहे, हे मी कोणत्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. जिल्ह्यात दुसरा कुणी हा खेळ खेळत नाही, हे त्याचं एक कारण झालं. पण उद्या कुणी खेळायला लागलाच, तरी आमचे साडभाऊ त्याला बूट कसे निवडावेत यावर तासभर ऐकवतील आणि चेंडूला हातही न लावू देता घरी पाठवतील, याची मला खात्री आहे.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम आमच्याच जिल्ह्यातलं मालेगाव. सरकारी मोजणी खात्यात उभी हयात लोकांची शेतं मोजण्यात गेली, त्यामुळे समोर येईल ते आधी डोळ्यांनी मोजायचं ही त्यांची खोड. दार, बैलगाडी, नवरदेव, काहीही. माझ्या लग्नात त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार करायच्या आधी म्हणाले होते, "फोटोत दोन इंच जास्त दिसत होते तुमी."

असा माणूस साठीनंतर गोल्फच्या नादी लागला तो एका थापेपायी. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचा साखरपुडा होता. होणारे व्याही पुण्याचे, मोठ्या कारखान्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले, एकटेच. पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "मी रोज सकाळी गोल्फ खेळतो. आपल्याला कशाची आवड?" साडभाऊंना आवड म्हणाल तर दुपारच्या झोपेची. पण लेकीच्या सासरी झोप कशी सांगणार? ते ताठ बसले आणि म्हणाले, "आमीबी गोल्पच खेळतो." शेजारी बसलेल्या माझ्या घशात भजं अडकलं.

लग्न झालं, पोरं कॅनडाला गेली आणि ऐन उन्हाळ्यात व्याह्यांचा फोन आला. दिवाळीनंतर पुण्याला या, दोघं मिळून खेळू. "येतो ना! माही काठी तयारच हाय," असं ठणकावून साडभाऊंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "गोल्पमंदी नेमकं करतेत काय?"

मी म्हटलं, खरं काय ते सांगून मोकळे व्हा. त्यावर ते पहिल्यांदाच गंभीर झाले. "लेक त्यायच्या घरची झाली आता. तिचा बाप लबाड निघाला म्हनून तिनं मान खाली घालायची काय?"

लेकीनेच मग कॅनडातून फोनवर उपाय काढला. नागपूरचे एक गृहस्थ मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. त्यांच्या घरात गोल्फचं यंत्र होतं, ते त्यांनी विकायला काढलं होतं. त्यात एक मोठा जाड पडदा, त्यावर चित्र टाकणारा प्रोजेक्टर, उभं राहायला हिरवी चटई आणि चेंडूशेजारी ठेवायची एक लहानशी डबी असते. आपण चटईवरून चेंडू पडद्यावर हाणायचा, ती डबी त्याचा वेग आणि दिशा टिपते, आणि पडद्यातल्या मैदानावर तो उडत जाताना दिसतो. हे सगळं एका टेम्पोतून मालेगावात उतरलं आणि साडभाऊंच्या घरच्या सोयाबीनच्या गोदामात उभं राहिलं. ताईंनी म्हणजे माझ्या मेव्हणीने पोती दोन्ही बाजूंना सरकवून मधे जागा करून दिली, पण बजावलं, "तुरीच्या पोत्याले चेंडू लागला तं चेंडू चुलीत जाईन."

पहिला महिना चेंडू पडद्यापेक्षा पोत्यांनाच जास्त लागला. साडभाऊंचा प्रत्येक फटका उजवीकडे जायचा. त्यांनी यातला दोष क्रमाक्रमाने चटईला, काठीला आणि गोदामाच्या भिंतीला दिला; टेप लावून भिंत तिरपी असल्याचं सिद्धही केलं. यंत्रावर तर त्यांचा विश्वासच नव्हता. पडद्यावर नव्वद यार्ड असा आकडा आला की ते डोळे बारीक करून म्हणायचे, "पंच्याऐंशी. एका पैशानं जास्त नाई." नुसत्या चित्रातलं अंतर! त्या खेळातल्या एका तळ्यात त्यांचे सलग अकरा चेंडू बुडाले तेव्हा त्यांनी काठी खाली ठेवली आणि शांतपणे जाहीर केलं की तळं चुकीच्या जागी आहे, मूळ नकाशात ते तिथं नसणार.

सराव मात्र कसून. सकाळी सहाला पांढरी टोपी घालून एका हातात मोजा चढवायचा. दुसरा हात उघडा का, असं ताईंनी विचारलं तर "शास्त्र हाय" एवढंच उत्तर. यंत्रातली बाई चांगल्या फटक्याला "नाइस शॉट" म्हणायची, तेव्हा साडभाऊ तिला वाकून "थँक्यू मॅडम" म्हणत. वाईट फटक्याला ती गप्प राहायची. तो अबोला त्यांना फार लागायचा. गोदामाबाहेरही चैन नसे. केनवडला एका बारशाला आम्ही गेलो होतो, तिथे ते पाळण्यापाशी उभे राहून रिकाम्या हातांनीच काठी फिरवत होते. मालेगावच्या बसस्टँडवर तर छत्रीने असा काही झोका घेतला की कंडक्टरच्या हातातला चहाचा ग्लास थेट गाडीखाली गेला. कंडक्टर ओरडला, "ओ काका, काय करून राह्यले?" साडभाऊ ग्लासकडे पाहत म्हणाले, "बघा, सरळ गेला!"

खरी सुधारणा घडवली ती ताईंनी. त्या एकदा पोतं न्यायला आल्या होत्या, दारातच थांबून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "लाकूड फोडून राह्यले काय तुमी? सोयाबीन सोंगतानी इळा कसा फिरवतो आपन, तसा हात येऊ द्या. जोर कायले लावता?" साडभाऊंनी आधी तोंड वाकडं केलं, मग नाइलाजाने तसं करून पाहिलं. टप्प असा गोड आवाज झाला आणि चेंडू पडद्यातल्या हिरवळीवर मधोमध निघून गेला. बाई म्हणाली, "नाइस शॉट." ताईंनी पोतं उचललं. "तिले काय कळते? मी सांगतलं तवा जमलं."

दिवाळीनंतर आम्ही पुण्याला गेलो. मी सोबत गेलो, साडभाऊंना उचलून घरी आणायची वेळ आली तर कुणी असावं म्हणून. मैदान पाहून साडभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी मोकळी जागा आणि सातबारा कुणाचा ते विचारायची सोय नाही! पहिला फटका मात्र त्यांनी असा मारला की व्याही "वा!" म्हणाले. चेंडू दूर गेला आणि साडभाऊ तिथेच उभे. व्याह्यांनी विचारलं, "चलायचं ना?"

"किती गेला?"

"चालत गेल्यावर कळेल की."

"म्हंजे चेंडूमांगं चालत जा लागते?" हे ते माझ्या कानात म्हणाले, पण त्यांचं कानातलं बोलणं दोन शेतं ओलांडून जातं. व्याह्यांनी चमकून पाहिलं.

पुढे सगळं बिघडत गेलं. गोदामातली चटई सपाट होती. इथे चेंडू कधी उतारावर, कधी गुडघाभर गवतात, आणि पाचव्या खेपेला वाळूच्या खड्ड्यात. त्या खड्ड्यात साडभाऊंनी सात वेळा काठी मारली आणि वाळू आमच्या डोक्यांवर आली, चेंडू तेवढा जागच्या जागी. शेवटी ते खड्ड्यातूनच वर पाहत म्हणाले, "साहेब, मी लबाड मानूस हाय. मी आजवर गवतावर खेळलोच नाई. सोयाबीनच्या गोदामात पडद्याले चेंडू मारतो. साखरपुड्यात तोंडातून निघून गेलं. पोरीचा काई दोष नाई."

मला वाटलं, आता हे गृहस्थ रीतसर चहा पाजून आम्हाला गाडीत बसवणार. पण व्याही बूट, पँट काही न बघता खड्ड्यात उतरले आणि वाळूतच बसले. "मला साखरपुड्यातच समजलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही गोल्फला 'गोल्प' म्हणालात."

"मंग बलावलं काहून?"

व्याह्यांनी बूट काढून वाळू झटकली. "मुलाबरोबर खेळायचो. तो कॅनडाला गेल्यापासून एकटाच येतो. माझ्याशी कुणी इतकं खोटं बोलून खेळायला तयार होईल, असं वाटलं नव्हतं."

दोघं मग खड्ड्यात बसून असे हसले की मैदानावरचा माळी काय झालं म्हणून पाहायला आला. उरलेला खेळ त्यांनी पोरासोरांसारखा केला. एका हिरवळीवर तर साडभाऊ उकिडवे बसले, जमिनीचा उतार डोळ्यांनी पाहिला आणि बारा पावलांवरून चेंडू भोकात घातला. चाळीस वर्षं बांधावर बसल्याचं पहिलं बक्षीस, असं ते अजून सांगतात.

संक्रांतीला व्याही मालेगावला आले. चार दिवसांसाठी आलेले अकरा दिवस राहिले. सकाळ-संध्याकाळ गोदामातून टप्प, टप्प आवाज आणि दोघांची भांडणं. व्याही यंत्राच्या बाजूने, साडभाऊ स्वतःच्या डोळ्यांच्या बाजूने. मी अनसिंगला मास्तर; त्या दिवसांत शाळा सुटली की अधूनमधून तिकडे जायचो, तर मला खेळ कधीच मिळत नसे, फक्त गूळ-शेंगदाणे मिळत.

शेवटच्या दिवशी गेलो तेव्हा गोदामात कसलाच आवाज नव्हता. दोघं पोत्यांवर बसून पडद्याकडे पाहत होते. काठ्या भिंतीला लावलेल्या. पडद्यावर नवीनच मैदान होतं, दूरवर पाइनची झाडं आणि त्यांच्यामागे राखाडी छपरांची एकसारखी घरं. व्याह्यांनी ते शोधून उघडलं होतं. कॅनडात पोरं राहतात त्या गावाच्या कडेचंच मैदान, कुणीतरी हुबेहूब काढून यंत्रात घातलेलं.

मी म्हटलं, "खेळत का नाही?"

"थांबा जरा," साडभाऊ म्हणाले. ते डोळे बारीक करून त्या घरांकडे पाहत होते. "डाव्या अंगानं तिसरं असन पोरायचं बहुतेक."

"चौथं," व्याही म्हणाले. "त्यांच्या दारात झाड आहे."

मला राहवलं नाही. "अहो, चित्र आहे ते. ती घरं खरी नाहीत."

"मालूम हाय मले," साडभाऊ म्हणाले, आणि मला बसायला म्हणून स्वतः थोडे सरकले.